शाळेतल्या काउन्सेलरचं काम: टिकायचं की सोडायचं, आणि टिकायचं तर कसं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत मांडते. काउन्सेलिंग सायकॉलॉजीत एमए झालंय, नाशिकच्या एका सीबीएसई शाळेत काउन्सेलर म्हणून दुसरं वर्ष चालू आहे. दिवसातले निम्मे पिरियड प्रॉक्सीला, म्हणजे गैरहजर टीचरच्या तासाला, जातात, गॅदरिंग आलं की डान्सची मुलं सांभाळा, अ‍ॅडमिशनच्या दिवसांत फॉर्मच्या टेबलावर बसा, आणि वर्गात कोणी दंगा केला की "जा काउन्सेलर मॅडमकडे" म्हणून त्याला तुमच्याकडे धाडणार. पगार असा की घरचे विचारतात एवढं शिकून हेच का. तर आता क्लिनिकल सायकॉलॉजीला जावं, एचआरमध्ये शिरावं की दुसरी शाळा बघावी, आणि मुळात या लाइनमध्ये समाधानाचं करिअर होतं का, हा तुमचा प्रश्न.

मी पुण्यात शाळांमध्ये हेच काम बरीच वर्षं करतेय, आधी दोन शाळांत पार्ट टाइम, आता एकाच ठिकाणी फुल टाइम, त्यामुळे जे सांगतेय ते अनुभवातलं आहे.

तुम्ही ज्या ज्या गोष्टींनी वैतागलाय त्यातली एकही काउन्सेलिंगची नाहीये. मुलांचं ऐकून ऐकून कंटाळा आलाय असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, उलट सहावीतली जी मुलगी मधल्या सुट्टीत डबा घेऊन तुमच्याकडे येऊन बसते तिच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहिलंय. म्हणजे हे काम आपल्याला आवडतं का, हे कळण्याइतकं काम तुम्हाला अजून मिळालेलंच नाही. आणि न मिळालेल्या कामाला वैतागून तुम्ही क्लिनिकलचा विचार करताय. म्हणून माझं मत असं की आधी सध्याच्या जागेवर खरं काम करायला मिळतंय का ते एक वर्षभर नीट प्रयत्न करून बघा, मग फाटा निवडा.

अर्थात बरंच काही परिस्थितीवर आहे हे मान्य. घर तुमच्या पगारावर चालत असेल तर "एक वर्ष थांबा" म्हणणं सोपं आणि करणं अवघड. ट्रस्टी कसे आहेत, प्रिन्सिपल स्वतः निर्णय घेऊ शकतात का, यावरही खूप आहे. अनुदानित मराठी शाळेत तर चित्रच वेगळं, तिथे बहुतेक ठिकाणी काउन्सेलरचं स्वतंत्र मंजूर पद नसतं, संस्था स्वतःच्या पैशातून किंवा एखाद्या एनजीओच्या मदतीने माणूस ठेवते, आणि प्रोजेक्ट संपला की माणूसही जातो. तुमची शाळा सीबीएसईची आहे म्हणून त्या अनुषंगाने लिहितेय.

शाळा असं का वागतात ते आधी समजून घ्या, त्याने राग थोडा कमी होतो आणि बोलायला मुद्दाही मिळतो. सीबीएसईच्या संलग्नतेच्या नियमांत काउन्सेलर आणि वेलनेस टीचर नेमणं बंधनकारक आहे. म्हणून शाळा नेमते. पण त्या माणसाने सकाळी साडेसात ते दोन नक्की काय करायचं हे शाळेत कोणालाच माहीत नसतं. गणिताच्या टीचरचं टाइमटेबल असतं, काउन्सेलरचं नसतं, आणि शाळेत ज्याचं टाइमटेबल रिकामं दिसतं तो माणूस मोकळा समजला जातो, मग सुपरवायझर बिचारी प्रॉक्सी कुणाला लावणार? यात दुष्टपणा क्वचित असतो. बहुतेक वेळा नुसती पोकळी असते, आणि ती तुम्ही भरली नाही तर दुसरं कोणीतरी भरतं.

काउन्सेलरच्या जागा वाढणार आहेत हे मात्र नक्की. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या केसमध्ये देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर ठेवावा असं आहे, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवायचा. कोचिंग क्लासेससुद्धा त्यात आले. म्हणजे नोकऱ्या निघतील, पण त्यातल्या बऱ्याच तुमच्या आत्ताच्या नोकरीसारख्याच असतील, कागदावर काउन्सेलर आणि हातात प्रॉक्सीचं रजिस्टर. म्हणून नुसती शाळा बदलून प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. कामाला आकार देणं तुम्हाला यायला पाहिजे, ते एकदा आलं की कुठल्याही शाळेत उपयोगी पडतं.

आता आकार द्यायचा म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगते कारण कॉलेजात हे कोणी शिकवत नाही.

एक दोन पानी कागद तयार करा. त्यात लिहा की काउन्सेलरकडे काय येणार आणि काय येणार नाही. मुलं स्वतःहून येणार, टीचर पाठवणार, पालक विचारणार, या तीन वाटा, आणि प्रत्येकीसाठी एक साधा फॉर्म. टीचरच्या फॉर्मवर "काय दिसलं" एवढंच विचारायचं, "मुलगा कसा आहे" हे नाही, नाहीतर आळशी, उद्धट, लक्ष नाही असे शेरे येतात आणि त्यातून काहीच कळत नाही. खोली कुठली, दार बंद करता येतं का, आत बोललेलं बाहेर ऐकू जातं का, हे लिहा. आठवड्याचं टाइमटेबल स्वतः बनवा आणि स्टाफरूममध्ये बाकीच्यांच्या शेजारी लावा: सोमवार, बुधवार वैयक्तिक सेशन्स, मंगळवारी सातवी-आठवीच्या वर्गात ग्रुप सेशन, गुरुवारी पालक, शुक्रवारी वर्गात मागे बसून निरीक्षण आणि नोंदी. आठवड्याला दोन प्रॉक्सी मी घेईन असं आपणहून लिहून टाका. शून्य म्हणालात तर भांडण होईल, दोन म्हणालात तर आकडा ठरला.

शिस्तीचं काम वेगळं ठेवा, इथे अजिबात तडजोड करू नका. मुलाला शिक्षा म्हणून काउन्सेलरकडे पाठवलं की ती खोली मुलांच्या मनात शिक्षेची खोली होते, आणि मग ज्याला खरंच काही सांगायचंय तो दारापर्यंत येऊन परत जातो. मी प्रिन्सिपलना हे असंच सांगितलं होतं, वर जोडलं की ज्या मुलाने मारामारी केली त्याला शाळेने जे करायचं ते करावं, त्यानंतर दोन दिवसांनी मी त्याला भेटेन, आणि माझ्या भेटीत मारामारीची चौकशी नसेल. त्यांना पटायला वेळ लागला. पटलं कशाने, तर मारामाऱ्या करणाऱ्यांतला एक मुलगा हळूहळू शांत झाला आणि त्याच्या क्लास टीचरनेच मीटिंगमध्ये ते सांगितलं. मी सांगून तेवढं पटलं नसतं.

गुप्ततेबद्दल पहिल्याच भेटीत मुलाला मर्यादा सांगायची. "तू सांगशील ते मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन शाळेत देता येत नाही. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि काउन्सेलर त्यातून सुटत नाही. शाळेची बदनामी होईल म्हणून "आतल्या आत मिटवू" असं सांगणारे भेटतात. त्यावेळी तुमच्याकडे आधीच सही झालेला कागद असेल की अशा वेळी काय करायचं, कुणाला कळवायचं, तर तुम्ही एकट्या पडत नाही. स्वतःच्या जिवाचं काही करण्याबद्दल मूल बोललं तरी तेच, पालकांना कळवणं आणि सायकियाट्रिस्टकडे पाठवणं हे ठरलेलं असायला हवं. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हे नंबर प्रत्येक वर्गात लावून ठेवा, खर्च शून्य आहे.

दर महिन्याला एक पानाचा रिपोर्ट द्या, नावं न घालता: किती मुलं भेटली, कुठल्या इयत्तेतली, साधारण कशा प्रकारचे प्रश्न, किती पालक आले, किती जणांना बाहेर पाठवलं. ट्रस्टींना आपण काय करतो ते दिसत नाही, आणि दिसू नये अशीच आपल्या कामाची रचना आहे, म्हणून आकडे तरी दिसू देत. माझ्या रिपोर्टमध्ये एका वर्षी परीक्षेआधी पाचवीतली मुलं अचानक जास्त दिसली, नीट बघितलं तर पहिल्यांदाच मोठा पेपर आणि नवीन मार्किंग, मग पाचवीच्या टीचर्सबरोबर बसून तो बदल सावकाश आणायचं ठरलं. ते सगळं एका पानावरच्या आकड्यातून सुरू झालं.

आणि स्टाफरूममध्ये बसा. केबिनमध्ये डबा खाऊ नका. टीचर्सना वाटत असतं की ही बाई आमच्या चुका काढायला ठेवलीय, ते एकत्र चहा पिऊनच जातं. तुमचं अर्धं काम टीचरमार्फतच होणार आहे, मूल तुमच्याकडे आठवड्याला चाळीस मिनिटं असतं आणि त्यांच्याकडे रोज पाच-सहा तास.

हे सगळं केल्यावर मग काम सुरू होतं, आणि त्यात समाधान कुठे मिळतं ते माणसागणिक वेगळं असतं. म्हणून पुढची गोष्ट, तुम्हाला यातला कुठला भाग ओढतो ते बघा.

काही जणांना शिकण्यातल्या अडचणींचं काम आवडतं. मला स्वतःला हेच सगळ्यात जवळचं. तोंडी विचारलं तर सगळं येतं पण लिहिताना अक्षरं उलटीपालटी, वाचताना ओळ सुटते, आणि सातवीपर्यंत सगळ्यांनी आळशी म्हणून सोडून दिलेलं मूल. आधी डोळे-कान तपासा, मग टेस्टिंग, मग सर्टिफिकेटसाठी सरकारी हॉस्पिटल, मुंबईत सायन, केईएम, नायर, पुण्यात ससून, तुमच्याकडे सिव्हिलला आधी चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी स्पष्टपणे आलीय, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळतात. पण खरं काम मधेच असतं, वडिलांना पटवण्यात. "आमच्या घरात असं कुणी नाही" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. त्यातले कितीतरी वडील तिसऱ्या-चौथ्या भेटीला हळूच सांगतात की मलाही लहानपणी असंच व्हायचं, मास्तर छड्या मारायचे. त्या दिवसापासून घरातलं वातावरण बदलतं. मुलाला मार्क किती पडले यापेक्षा ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हा भाग आवडत असेल तर स्पेशल एज्युकेशन किंवा रेमेडियलचं ट्रेनिंग घ्या, या कामाला मागणी प्रचंड आहे आणि बिने-कामतसारख्या बुद्धिमापन चाचण्या मराठीत नीट घेता येणारी माणसं कमी आहेत.

काहींना करिअर गायडन्स आवडतं. दहावीच्या निकालानंतर जूनमध्ये रांग लागते. इथे मी जरा कडकच बोलते. अ‍ॅप्टिट्यूड टेस्टचा छापील रिपोर्ट हातात देऊन "तुमच्या मुलाने इंजिनिअर व्हावं" असं सांगणं म्हणजे गायडन्स नव्हे. टेस्ट हा बोलायला सुरुवात करण्याचा एक धागा, बस. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या सगळ्या मुलांची कलचाचणी झाली, रिपोर्ट मिळाले, पण त्या रिपोर्टवर मुलाशी बसून बोलणारा माणूस बहुतेक शाळांत नव्हता, आणि घरोघरी ते कागद फाइलमध्ये गेले. तो बसून बोलणारा माणूस म्हणजे तुम्ही. फी किती, घरात कमावणारे किती, लातूरला किंवा कोट्याला पाठवायचं तर मूल एकटं राहू शकतं का, आयटीआय, डिप्लोमा, कॉमर्स, आर्ट्स हे पर्याय घरात कधी बोलले गेलेत का, हे सगळं त्या टेबलावर यावं लागतं. आणि क्लासवाले, परदेशी अ‍ॅडमिशनवाले कमिशन देऊ करतील, मुलामागे एवढे असं सरळ सांगतात. एकदाही घेऊ नका. पालक तुमच्या शब्दावर लाखांचा निर्णय घेतात, आणि गावात हे कळायला वेळ लागत नाही.

ग्रुप सेशन्स, किशोरवयीन मुलांशी शरीराबद्दल, मोबाइलबद्दल, मैत्रीबद्दल बोलणं, टीचर्सची ट्रेनिंग्ज घेणं, यात रमणारी माणसंही आहेत. त्यांना पुढे अनेक शाळांचं काम बघणाऱ्या संस्था किंवा स्वतःचं ट्रेनिंगचं काम असा रस्ता असतो. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आणि पुण्यातली ज्ञान प्रबोधिनी यांचं काम एकदा जाऊन बघून या, नुसतं बघूनही शाळेतलं मानसशास्त्र किती रुंद आहे ते कळतं.

आणि ज्यांना एका मुलाबरोबर खोलवर, महिनोन् महिने काम करावंसं वाटतं, गंभीर डिप्रेशन, ट्रॉमा, ओसीडी यांना हात घालावासा वाटतो, त्यांनी खरंच क्लिनिकलला जावं. शाळेत ते होत नाही, आणि होऊही नये, तिथे आपलं काम ओळखणं, आधार देणं आणि योग्य ठिकाणी पाठवणं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, नोंदणी लागते, त्यासाठी त्यांनी मान्य केलेलाच कोर्स लागतो, सीट मोजक्या, तयारी भरपूर. हॉस्पिटलचं काम वेगळ्या स्वभावाचं असतं. एखाद्या सायकियाट्री ओपीडीत सुट्टीत महिनाभर बसायची परवानगी मिळते का बघा, मगच ठरवा. एचआरबद्दल मला फारसं माहीत नाही, त्यावर बोलत नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर अजून एक. एनसीईआरटीचा गायडन्स अँड काउन्सेलिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, काही भाग डिस्टन्सने, काही प्रत्यक्ष आणि शेवटी इंटर्नशिप, महाराष्ट्र भोपाळच्या प्रादेशिक संस्थेकडे येतो. शाळेच्या कामासाठी तो चांगला, मुख्य म्हणजे शाळांना तो कागद समजतो. पण कोणी तुम्हाला सायकॉलॉजीची आणखी एखादी डिग्री ऑनलाइन किंवा डिस्टन्सने करून देतो म्हणाला तर पैसे भरू नका. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजीसकट हेल्थकेअरचे कोर्स त्या पद्धतीने चालवायला मनाई केलीय. तीन महिन्यांत "सर्टिफाइड थेरपिस्ट" करणाऱ्या जाहिराती तर सोडूनच द्या.

पैशाचं स्पष्ट बोलू. या लाइनमध्ये सुरुवातीचा पगार कमीच असतो आणि तो आपोआप वाढत नाही. एप्रिलमध्ये रिन्यूअलच्या वेळी "कन्सॉलिडेटेड", म्हणजे एकरकमी ठरवलेल्या, पगाराऐवजी टीचरची स्केल आणि पीएफ मागा, वर्षभराचे ते एकपानी रिपोर्ट समोर ठेवून. नाही म्हणाले तर आठवड्याचे तीन दिवस पार्ट टाइम मागा आणि उरलेले दिवस दुसऱ्या शाळेला द्या, मी बरीच वर्षं असंच केलं आणि दोन्ही मिळून एका फुल टाइमपेक्षा बरं पडायचं. संध्याकाळी स्वतःची प्रॅक्टिस करायला हरकत नाही, फक्त आपल्याच शाळेची मुलं फी घेऊन तिथे बोलवायची नाहीत. हे लेखी देऊन टाका, शाळेचा विश्वास वाढतो.

एकटेपणाचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते येणारच. शाळेत या कामाची आपण एकटीच असतो. ऐकलेलं घरी नेता येत नाही आणि स्टाफरूममध्ये बोलता येत नाही. पैसे देऊन का होईना, एखाद्या सीनियर व्यक्तीकडे महिन्यातून एकदा सुपरव्हिजन घ्या, म्हणजे आपल्या केसेसवर त्यांचं मार्गदर्शन घ्या, आणि नाशिकमधल्या चार-पाच शाळांच्या काउन्सेलर शोधून महिन्याला एकदा भेटा, नावं न घेता केसेस बोला. मी टिकले त्यात अशा एका ग्रुपचा वाटा फार मोठा आहे.

सोडायचं कधी, तेही सांगते. तो दोन पानी कागद दिल्यावर, तीन-चार महिने थांबल्यावर, प्रिन्सिपलशी दोनदा बसल्यावरही खोली मिळत नसेल, शिक्षा म्हणून मुलं पाठवणं थांबत नसेल, तर वर्ष संपवा आणि निघा. आणि कोणी तुमच्या नोंदी मागितल्या, मुलाने काय सांगितलं ते मीटिंगमध्ये वाचून दाखवा म्हणालं, किंवा अत्याचाराची केस दाबायला सांगितली, तर वर्षही संपवू नका. केस मात्र दाबू नका, ती आधी कळवा. पुढच्या शाळेच्या इंटरव्ह्यूमध्ये तुम्हीच विचारा: आधीच्या काउन्सेलर किती दिवस टिकल्या आणि का गेल्या, बसायची खोली दाखवाल का, गेल्या महिन्यात काउन्सेलरकडे मुलं कशासाठी आली होती. तिसऱ्या प्रश्नाला "काही प्रॉब्लेमच नसतात आमच्याकडे" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

तर आत्ता दिवाळीच्या सुट्टीत तो कागद लिहायला घ्या. वर्गवार विद्यार्थीसंख्या, तुमचं सध्याचं टाइमटेबल आणि प्रिन्सिपल कशा आहेत एवढं इथेच खाली लिहिलंत तर कागदात काय घालायचं, काय तूर्त बाहेर ठेवायचं ते मी बघून सांगते. शाळेचं नाव लिहू नका.